गोळीमागचे दुखणेही विचारा



लातूर-नांदेडकडे नशेच्या गोळ्या पकडल्या की बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण कंबरदुखीसाठी ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी घेता घेता तिच्यात अडकलेला माणूस त्या बातमीत कुठेच नसतो. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली आले. विक्रीवर वचक बसला, पण माणसाला ती गोळी सोडवत का नाही, हे कोणी विचारले नाही.

औषध दुकानात आयुष्य गेले, म्हणून लिहितो. ऊसतोडीहून परतलेली एक बाई रिकामी स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी पुढे करायची. "दुसरी नको, हीच द्या. हिनं झोप लागती, डोस्कं शांत ऱ्हातं." मोळ्या वाहून तिची कंबर गेली होती, हे खरेच. पण नवरा नुकताच वारला होता आणि मुकादमाची उचल फिटायची होती. चिठ्ठीवर होते फक्त 'कंबरदुखी'.

ती सांगत होती त्यात तथ्य होते. ट्रामाडोल अफूच्या जातीचे वेदनाशामक आहेच, शिवाय मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनवरही ते काम करते. खचलेल्या, जागरणाने पिचलेल्या माणसाला त्याने दुहेरी आराम वाटतो. नैराश्य किंवा 'आता आपण बरे होत नाही' ही धास्ती असलेल्या रुग्णांत अशा गोळ्या लांबत जाण्याचा धोका अधिक, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. सवय जडल्यावर गोळी चुकली की अंग मोडून येते, जीव कासावीस होतो. रुग्णाला वाटते आजार बळावला, आणि हात पुन्हा गोळीकडे जातो.

मनाचा भाग आहे म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनावरचे घाव तज्ज्ञांनी नोंदवले. मनाचे घावही खरेच असतात, हा धडा लातूरला नवा नाही.

'ओपीडीत एवढी गर्दी, वेळ कुठे आहे?' असे डॉक्टर म्हणतील. झोप लागते का, मन कशात रमते का, हे दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी अस्थिरोग ओपीडीत आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक बसवावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरवर छापावा. सवय जडलेल्याची गोळी एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवावी. आणि कारवाईच्या धाकाने कॅन्सरच्या रुग्णाचे मॉर्फिन अडता कामा नये.

नुसती गोळी काढून घेतली आणि दुःख तसेच ठेवले, तर माणूस दुसरी गोळी शोधेल, नाहीतर दारू. म्हणून बंदोबस्ताइतकाच खर्च विचारपूस आणि समुपदेशनावर व्हावा, ही आरोग्य विभागाकडे आग्रहाची मागणी.

– एक निवृत्त औषधविक्रेता, अहमदपूर (जि. लातूर)