मोटारसायकलवर लेकराचा पट्टा



जालना-भोकरदन रस्त्यावर पाहा. टाकीवर एक लेकरू, मागे आईच्या मांडीवर दुसरे. आई म्हणते, मी घट्ट धरलंय ना! पण ४० च्या वेगातली गाडी धडकून थांबली, की दहा किलोचे लेकरू शंभर किलोच्या ओढीने सुटते. कोणत्या आईचे हात ते पेलतील?

म्हणून केंद्राच्या नियमाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलास पट्टा सक्तीचा केला. नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही हवे, आणि वेग ४० च्या आत.

हा पट्टा म्हणजे लेकराच्या अंगात घालायचे जाकीटच. त्याचे बंद चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकतात. छातीवरची फोमची गादी पाहून हुरळू नका. पट्टा रुतू नये एवढेच तिचे काम. लेकराला धरतो तो ताणलेला पट्टा. छातीवरचे बक्कल काखेच्या रेषेत हवे. पोटावर उतरले, तर लेकराचे खांदे निसटतात. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरा. घडी आली तर तो सैल आहे. जाड स्वेटरवरून बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत स्वेटर दबतो नि पट्टा ढिला पडतो. पातळ कपड्यावर बांधा, वरून शाल गुंडाळा. शालीचे टोक मात्र खोचा, चाकात गेले तर नवेच संकट! घरची उशी, टॉवेल पट्ट्याखाली कोंबू नका.

कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच जण बसावा. आपल्याकडे तिघे-चौघे बसतातच. लांबच्या वाटेला एसटी बरी. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे.