लहान दिसते म्हणून चष्मा फळीवर ठेवू नका

शाळेच्या तपासणीत मुलीला चष्मा लागतो. दोन दिवसांत ती म्हणते, "सगळं बारीक दिसतंय, जिना खोल वाटतो." घरचे ठरवतात, नंबर चुकला, आणि चष्मा फळीवर जातो. आमचे स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा नंबर बरोबर असतो. असे होईल हे चष्मा देतानाच सांगायला हवे होते. ते कोणी सांगत नाही.

लांबचे अंधुक दिसणाऱ्याला मायनस नंबरची काच लागते. ती वस्तू स्पष्ट करते, पण थोडी लहानही दाखवते. प्लस नंबरची काच मोठी दाखवते. काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर दूर असते, म्हणून हा फरक पडतो. मायनस 5 ला वस्तू सुमारे 6 टक्के, तर मायनस 10 ला सुमारे 11 टक्के लहान दिसते. चष्मा नाकावरून घसरला की फरक आणखी वाढतो. म्हणून मोठ्या फॅशनच्या फ्रेमपेक्षा डोळ्याजवळ नीट बसणारी फ्रेम घ्यावी. आठवडा-दोन आठवडे सतत लावला की बहुतेकांना सवय होते. तरीही डोके दुखत राहिले, तर नंबर पुन्हा तपासून घ्या.

दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल तर गोष्ट वेगळी. एका डोळ्याला वस्तू मोठी, दुसऱ्याला लहान दिसते. मूल गोंधळते, चष्मा काढून टाकते. पण चष्म्याविना कमजोर डोळा आळशी होतो. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर उत्तम. अशा मुलाचा चष्मा एक दिवसही चुकवू नये.

आणि आपल्या आजी-आजोबांचे? पूर्वी मोतीबिंदू काढला की बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळे. त्यातून सगळे पंचवीस-तीस टक्के मोठे दिसे. पेला धरायला जावे तर हात भलतीकडेच पडे. ती आठवण ठेवून आजही काही म्हातारी माणसे शस्त्रक्रियेला नकार देतात. 1949 साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले. आता आपल्या सरकारी रुग्णालयांतही तसेच भिंग बसवतात, आणि वस्तू जवळपास मूळ आकाराची दिसते. 1976 पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि शाळकरी मुलांचे चष्मे मोफत आहेत. तो आपला हक्क आहे, संकोच कसला? तपासणीला जाताना जुना चष्मा बरोबर न्या आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर कागदावर लिहून मागा.