पोटाचा ताळेबंद

दिवाळी अंकात वजन उतरविण्यावर लेख लिहिणे म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून घटस्फोटाच्या कायद्यावर बोलण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. हा अंक वाचकांच्या एका हातात असेल तेव्हा दुसऱ्या हातात चकली असणार, हेही मी जाणतो. तरीसुद्धा लिहितो, कारण माझे सारे वर्ष या एकाच विषयात गेले, आणि या सदराचा रिवाजच असा आहे की, जे डोक्यात घोळत असेल ते वाचकांच्या पदरात टाकून मोकळे व्हायचे.

झाले ते असे. मागच्या दिवाळीचा फराळ संपला आणि माझ्या पायऱ्या चढण्याला धाप लागू लागली. महाविद्यालयातला मराठी विभाग दुसऱ्या मजल्यावर. वर्गात पोचल्यावर पहिली पाच मिनिटे मी हजेरी घेत असे, ती विद्यार्थ्यांच्या प्रेमापोटी नव्हे, तर श्वास ठिकाणावर यावा म्हणून! शेवटी सौ.ने धरून डॉक्टरांकडे नेले. वजन 84 किलो निघाले आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन उभी होती. डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणाला होता?”

होता. वडिलांना. शेवटच्या वर्षांत आधी त्यांच्या पायाचे बोट काढावे लागले आणि मग पाऊल. रोज सकाळी पायी बाजारात जाऊन भाजी निवडून आणणारा माणूस खिडकीशी बसून रस्ता पाहत राही. डॉक्टर पुढे काय बोलले ते मला नीट ऐकू आले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती.

डॉक्टरांनी कागदावर एकच आकडा लिहून दिला : 1700. दिवसाला एवढेच उष्मांक. म्हणजे ज्यांना सारे जग कॅलरी म्हणते ते. आकडा तसा अघोरी नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात बैठे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाकाठी 2110 आणि 55 किलो वजनाच्या स्त्रीला 1660 उष्मांक धरले आहेत. मला खर्चापेक्षा जमा कमी ठेवायची होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पण हे 1700 दिवसभरात वाटायचे कसे, ते डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि विचारायचे मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत मी हा प्रश्न टाकला आणि तेथे एकदम दोन पक्ष पडले. महाराष्ट्रात या विषयावर पक्ष आहेत हे वाचकांना ठाऊकच असेल. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकरांचा, दीक्षितांनी तो व्याख्याने देऊन गावोगाव पोचविला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपायचे, आणि मधे तोंड बंद. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. त्यांच्या 2009 सालच्या पुस्तकाने दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याची गोष्ट घरोघर नेली. आमच्या खोलीत भूगोलाचे प्राध्यापक पहिल्या पक्षाचे आणि रसायनशास्त्राच्या बाई दुसऱ्या. दोघांनीही वजन उतरविलेले. दोघांपाशीही जुने, सैल झालेले कपडे पुराव्यादाखल होते. मी मराठीचा माणूस. मला दोन्ही बाजू पटल्या.

म्हणून दोन्ही करून पाहिल्या. पहिल्या पंधरवड्यात दोनदाच जेवलो. सकाळ बरी गेली, पण दुपारी चारच्या तासाला माझी चिडचिड होऊ लागली. त्या काळात एका निरपराध मुलाला मी केवळ ‘आणि’ची वेलांटी चुकल्याबद्दल वर्गाबाहेर काढले. दुसऱ्या पंधरवड्यात दर दोन तासांनी खाल्ले. त्यात अडचण निराळी. ‘थोडेसे’ या शब्दाला मराठीत माप नाही. सहा वेळचे थोडेसे मिळून जेवढे झाले, तेवढे पूर्वी तीन वेळचे पोटभरसुद्धा होत नव्हते. महिनाअखेर वजन 84 किलो. म्हणजे मी जगातले दोन्ही मार्ग चालून घरीच परत आलो होतो.

याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन हिवरे बाजारला जाण्याचा योग आला. नगरपासून (आता त्याला अहिल्यानगर म्हणायचे, जीभ अजून वळत नाही) हे गाव जवळच. पर्जन्यछायेतला मुलूख. एके काळी येथली माणसे पोटासाठी गाव सोडून जात. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आले, आणि डोंगरउतारावर चर, नाल्यांवर बांध, झाडे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे करीत गाव पुन्हा उभे राहिले. 2020 साली पवारांना पद्मश्री मिळाली. हे सारे मुलांना सांगून झाले होते. मला नवे कळले ते एका शेतकऱ्याशी बांधावर बसून बोलताना.

तो म्हणाला, “सर, पाणी अडवलं सगळ्यांनीच. आम्ही ते मोजलं.” पावसाळा संपला की गावात पाऊस किती पडला याचा हिशेब होतो, विहिरींची पातळी पाहतात, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पहिला हक्क माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा. तो बाजूला काढल्यावर उरेल ते शेतीला, आणि त्यातही काही हिस्सा जमिनीत शिल्लक ठेवायचा. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी पिणारी पिके आवरती घ्यायची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी तर नाहीच. आणि हे सारे पेरणीच्या आधी ठरते. विहीर आटल्यावर नव्हे.

परतीच्या एस्.टी.त मुले गाणी म्हणत होती आणि मी तिकिटाच्या मागे आकडे मांडीत होतो. मला वाटले, आपले चुकले ते हेच. किती वेळा खायचे यावर आपण महिनाभर भांडलो. जमा किती, याची नोंदच नव्हती. मी रोज विहीर आटल्यावर, म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर, पश्चात्तापाच्या स्वरूपात हिशेब करीत होतो.

(उपमा सगळी लागू पडत नाही, हे मराठीचा अध्यापक म्हणून नोंदविणे भाग आहे. गावाला जमिनीखालची शिल्लक वाढवायची आहे आणि मला पोटावरची शिल्लक उपसायची आहे.)

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. एक आठवडा काही न बदलता, जे खातो ते लिहीत गेलो. पिष्टाच्या आणि प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, स्निग्धाला नऊ, एवढे पाठ केले की घरचा बराच हिशेब घरीच होतो. पहिला चोर सापडला तो चहा. दिवसाकाठी सहा कप. कपाला दोन चमचे साखर आणि पन्नासएक मिलिलिटर म्हशीचे दूध. बारा चमचे साखर म्हणजे साठ ग्रॅम, म्हणजे 240 उष्मांक. दुधासकट साडेपाचशेच्या घरात! मी रोज एक अख्खे जेवण पीत होतो आणि त्याला जेवणात धरीत नव्हतो. हिवरे बाजारने शिवारातला ऊस बंद केला. मी कपातला केला. दुसरा चोर तेल. फोडणीत एक मोठा पळीभर जास्त पडले की सव्वाशे उष्मांक नकळत आत येतात. तिसरा चोर म्हणजे उभ्याने खाल्लेले. ताटात नसलेले शेंगदाणे कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत.

मग वाटणी केली. सकाळी न्याहारीला 400, दुपारी 600, संध्याकाळी पाच वाजता 200, रात्री 400. झाले 1600. उरलेले शंभर राखीव. कोणी पेढा घेऊन दारात आला तर नाही म्हणण्याचा उद्धटपणा करावा लागू नये म्हणून. न्याहारीला पोह्यांची मध्यम बशी, अर्धी वाटी दही आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी डब्यात दीड ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, ताक. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि चहा. रात्री आठच्या आत एक भाकरी, भाजी, वरण. सारे नगरी घरात पूर्वीपासून असलेलेच. परदेशी बिया एकही नाही.

पाच वाजताचे ते दोनशे माझ्यासाठी सर्वांत मोलाचे ठरले. पूर्वी साडेआठला मी ताटावर बसे तो दुष्काळातून आल्यासारखा. फुटाणे पोटात गेल्यापासून रात्री दुसरी भाकरी मागण्याची वासना आपोआप कमी झाली. भूगोलाच्या प्राध्यापकांना मात्र पाच वाजता भूक लागत नाही. त्यांनी फुटाणे का खावेत?

या बाबतीत संशोधनही असेच बोलते, हे नंतर वाचनात आले. एकूण उष्मांक तेच असतील तर तीन वेळा खाल्ले की सहा वेळा, याने वजनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. सकाळी भरपूर आणि रात्री थोडे, याबद्दल मात्र मतभेद आहेत. 2013 साली इस्रायलमधल्या एका प्रयोगात सकाळी जास्त खाणाऱ्या स्त्रियांचे वजन अधिक उतरले. 2022 साली स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगात दोन्ही प्रकारांत वजन सारखेच उतरले. पण सकाळी जास्त खाल्ले तेव्हा भुकेचा त्रास कमी झाला. मला यातले एवढेच उपयोगाचे वाटले : वजन बेरजेने उतरते, आणि ती बेरीज रोज पाळता येईल की नाही हे वाटणीवर ठरते. तेव्हा वाटणी आपल्या भुकेच्या वेळा पाहून करावी, दुसऱ्याच्या सैल पँटकडे पाहून नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने फार खाऊ नये तसे अगदी उपाशीही राहू नये असे सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर मोजक्या आहाराचा विस्तार केला आहे. तो भाग मी पंधरा वर्षे शिकवीत आलो. पोटात उतरायला वही लागली.

येथेच लेख संपला असता. पण वहीतले खरे पान पुढेच आहे.

चैत्रात एकदा गंमत म्हणून मी सौ.चे खाणेही आठवडाभर लिहिले. ती सकाळच्या शाळेत शिक्षिका. पावणेसातला निघते ती दोन चहा आणि दोन बिस्किटांवर. एकला परत. जेवायला दोन. त्यात रात्रीची शिळी पोळी, कारण टाकवत नाही. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात उरलेला भात आणि वरणाचे पाणी. सात दिवसांच्या पानांवर उसळ दोनदा होती आणि दही एकदाही नव्हते. माझ्या डब्यातली वाटीभर उसळ आणि माझे अर्धी वाटी दही कोठून येत होते, ते मला त्या दिवशी कळले. माझा ताळेबंद जुळत होता तो तिच्या वाट्यातून. रक्त तपासले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन नऊ निघाले.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. बांधावरच्या त्या शेतकऱ्याचे बोलणे मी अर्धेच घरी आणले होते. मोजायचे ते मी उचलले. पहिला हक्क कोणाचा, हे विसरलो. गावात कोणाची शेती किती एकर आहे हे पाहण्याआधी सगळ्यांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात. आमच्या घरात सगळ्यात आधी माझे 1700 बाजूला निघत होते.

त्या रात्री आमच्याकडे ग्रामसभा भरली. सौ., मी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा, गणसंख्या पूर्ण. ठराव झाले ते असे : कडधान्य चौघांच्या मापाने भिजवायचे. रात्री चौघांनी एकदम बसायचे आणि पातेली मध्ये ठेवून ज्याने त्याने वाढून घ्यायचे. सौ.च्या शाळेच्या पिशवीत रोज एक डबा जाईल आणि तो मी भरीन. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी चौघांत वाटले जाईल. ते एकटीच्या खात्यावर जाणार नाही. शेवटच्या ठरावाला सौ.ने विरोध केला. बहुमताने तो मंजूर झाला.

आज माझे वजन 78 आहे. अकरा महिन्यांत सहा किलो. फार नव्हे, आणि गणपतीत मोदकांनी त्यातले एक तात्पुरते परत आणले होते. साखर उंबरठ्यावरून दोन पावले मागे सरली आहे. सौ.चे हिमोग्लोबिन औषधाने आणि डब्याने साडेअकरावर आले आहे. या दोन आकड्यांत मला दुसऱ्याचा अभिमान अधिक वाटतो.

वाचकांपैकी कोणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असतील, तर त्यांनी माझे किंवा आणखी कोणाचे ऐकून जेवणाच्या वेळा बदलू नयेत. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. जेवण चुकले आणि औषध तेच राहिले, तर साखर एकदम उतरून जीवावर बेतते. बाकीच्यांनी एक वही आणावी. मात्र तिच्यात एकट्याचे पान लिहू नये. घरातल्या सगळ्यांची लिहावीत.

आता फराळाचे. बेसनाचा बेताचा लाडू म्हणजे दोनशे उष्मांक. म्हणून दिवाळीच्या चार दिवसांत मी पाच वाजताचे फुटाणे सोडले आहेत आणि त्या जागी एक लाडू मंजूर करून घेतला आहे. हे लिहीत असताना पाच वाजलेच आहेत. सौ. एक बशी माझ्यापुढे आणि एक स्वतःपुढे ठेवून बसली आहे, आणि म्हणते आहे, “आधी वहीत लिहा.”