चिठ्ठी कोणाच्या हिताची?

निमगाव केतकीच्या पानमळ्यात राबणारा मजूर किंवा दोन एकरांचा शेतकरी आजारी पडला की प्रथम गावातल्या डॉक्टरांकडे जातो. औषधाला गुण आला नाही की डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात. ती घेऊन इंदापूरला जायचे, बारामतीला की थेट पुण्याला, आणि तेथे कोणत्या तज्ज्ञाचे दार ठोठवायचे, हे बहुधा डॉक्टरच ठरवतात. कुटुंबाची वर्षभराची मिळकत कोठे खर्च व्हायची, याचा निकाल त्या चार ओळींत लागतो. म्हणून ती चिठ्ठी कशाच्या प्रभावाखाली लिहिली जाते, याची चिकित्सा कार्यकर्त्यांनी केली पाहिजे.

यातील बरेच प्रभाव रास्त असतात. आजाराचे स्वरूप, अंतर, रात्री-अपरात्री वाहन मिळेल की नाही, रुग्णाची ऐपत, पूर्वी पाठविलेल्या रुग्णाला त्या तज्ज्ञाने कसे वागविले, या साऱ्याचा विचार जाणता डॉक्टर करतोच. नातेवाइकांचा आग्रह असतो. काही बरेवाईट झाले तर दवाखान्यावर जमाव येईल, ही भीतीही असते. परंतु या सर्वांच्या आड आणखी एक प्रभाव उभा असतो. त्याचे नाव ‘कट’.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी पाठविले, तेव्हा तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो मुकाट्याने न स्वीकारता महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१३ साली हे प्रकरण गाजले. पुढे डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींतून या व्यवहाराचे अंतरंग लोकांपुढे मांडले. व्यवसायातल्या प्रामाणिक माणसांनीच ही साक्ष दिली, हे विसरता कामा नये. सरसकट सर्व डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्याने रोगाचे मूळही सापडत नाही.

ते मूळ बाजारात आहे. वैद्यकीय सेवेत ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, म्हणून तेथे साधा बाजार नीट चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते. रुग्णाच्या वतीने पारख करणारा त्याचा डॉक्टर असतो. तो विकणाऱ्याचा दलाल झाला की रुग्ण पुरता निराधार होतो. कटाची रक्कम अखेर रुग्णाच्याच बिलातून वसूल होते. कट न देणाऱ्या तज्ज्ञाकडे रुग्ण येईनासे होतात आणि सचोटी हा तोट्याचा धंदा ठरतो. १९८३ पासून राज्यात विनाअनुदान वैद्यकीय महाविद्यालयांची दारे उघडली गेली. लाखो रुपये मोजून पदवी घेणारा तरुण ती रक्कम रुग्णांकडूनच भरून काढू पाहील, यात नवल कसले?

कमिशन घेण्या-देण्यास वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत मनाई आहे. २०१७ साली राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करून घेतला. मसुदा मसुदाच राहिला. तो कायदा झालाच पाहिजे. पण तेवढ्याने भागणार नाही. देणारा व घेणारा दोघेही राजी असलेला, पावती नसलेला व्यवहार पकडणे सोपे नसते.

खरा उपाय भोर समितीने १९४६ सालीच सांगितला होता : खालपासून वरपर्यंत सार्वजनिक आरोग्यसेवेची अखंड साखळी. निमगावचे प्राथमिक आरोग्य केंद्र, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, २०१९ पासून बारामतीत चालू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून, अशी साखळी या तालुक्यापुढे आहे. तिच्या प्रत्येक कडीत तज्ज्ञ, यंत्रे आणि औषधे असतील, तर चिठ्ठीला बाजारभाव उरणार नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी सेवेतील रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच तज्ज्ञाकडे जातो. तेथे प्रतीक्षायाद्या लांबतात, ही उणीव खरी. पण त्या चिठ्ठीचे पैसे होत नाहीत. आपल्याकडे २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर पडला. याच खर्चावर कट पोसला जातो.

कार्यकर्त्यांना आजच करता येईल असे बरेच आहे. कोणत्या कारणासाठी व कोणत्या तपासणीसाठी पाठविले, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून मागण्याची सवय रुग्णांना लावावी. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. ती लागली आहे का, हे जाऊन पाहावे. सरकारी रुग्णालयांत तज्ज्ञांची किती पदे रिकामी आहेत, याचा हिशेब ग्रामसभेत मागावा. कट नाकारणाऱ्या डॉक्टरांच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे. ते एकाकी पडले, तर उद्या चिठ्ठी लिहायला दलालच तेवढे शिल्लक राहतील.