पुण्यालाच कशाला?

परवा रात्री दर्यापूरहून भाऊजींचा फोन. भाचीला बारावीनंतर पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करायचंय. ती म्हणते अमरावती नाहीतर अकोला, हे म्हणतात पुणे. "इथं ठेवून काय भेटन तिले?" मागून तिचा आवाज, "मामा, बाबाले समजवा ना तुमी!" कंप्युटरवाल्याला कुठल्याही शाखेचा सल्ला विचारायची आपल्याकडे पद्धतच आहे. असो.

भाऊजींनी एका खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रकही पाठवलं. काचेची इमारत, हिरवळ. फी वाचून मी शून्यं पुन्हा मोजली. प्रॅक्टिकल कशाचं नि कुठे, याबद्दल अवाक्षर नाही.

माझं मत विचाराल तर या विषयासाठी वऱ्हाड सोडायची गरज नाही. (मी स्वतः पळून आलो, पण मला कोड लिहायचा होता.) दर्यापूर आहे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी लागतं पण ते पिववत नाही, आणि शेताला दिलं तर सोडियममुळे काळी माती घट्ट होऊन पाणी मुरायचंच थांबतं. पोरगी हे लहानपणापासून बघतेय. वर मेळघाट, १९७३ सालच्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला. वरूड-मोर्शीत संत्र्यापायी बोअर खोल खोल चाललेत. अकोल्याकडे पारसचं औष्णिक वीज केंद्र आणि त्याची राख. पलीकडे लोणार. ते २०२० साली गुलाबी झालं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आता ते नमुने तपासायला पुण्याच्या आघारकर संस्थेत आले होते, हा मुद्दा भाऊजींच्या बाजूने जातो, मान्य. पण ते एम.एस्सी.नंतरचं काम झालं.

म्हणून जवळचं कुठलंही कॉलेज चालेल असं नाही हं. गावाच्या प्रेमापोटी तीन वर्षं नुसत्या गाईडवर काढायची असतील तर काय उपयोग? मी सांगितलं, वर्किंग डेला जा आणि प्राचार्यांना नको, शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा. या विषयाला कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे? बीओडीची चाचणी शेवटची कधी केली? त्यात पाण्याचा नमुना ठरलेल्या तापमानाला काही दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवावा लागतो. मधे लाईट गेली तर काय करता, हेही विचारा. ज्यांनी खरंच चाचणी केलीय त्यांच्याकडे उत्तर असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडीचे विषय. भाचीच्या डोक्यात भारतीय वन सेवा आहे. त्या परीक्षेला पदवीत लागणाऱ्या विषयांची यादी असते. रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, भूगर्भशास्त्र वगैरे. पर्यावरणशास्त्र त्यात नाही! म्हणजे काचेच्या इमारतीतून नुसतं पर्यावरण घेऊन बाहेर पडलेल्याला फॉर्मच भरता येत नाही, आणि इकडे रसायन नि प्राणीशास्त्र जोडीला घेतलेल्याला येतो. मेजर-मायनरच्या नव्या पद्धतीत हे प्रवेशाच्या आधीच लेखी विचारून घ्यायला हवं. पाण्या-मातीच्या लॅबमध्ये नोकरी करायची म्हटलं तरी रसायनशास्त्र लागतंच.

हे ऐकून भाऊजी जरा गप्प झाले. सोमवारी दोघं अकोल्याला जाणारेत, मंगळवारी अमरावती. 'इन्क्युबेटर' हा शब्द त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलाय.