अशुद्ध कोणाला म्हणावे?

जपानी भाषेत हाडाला 'होने' म्हणतात. जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांपैकी मियाको आणि याएयामा येथील वृद्ध मंडळी त्यालाच 'पुनी' म्हणतात. या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. मग त्यांच्या आईचा शब्द कोणता?

भाषाशास्त्रज्ञ उत्तर देतात, 'पोने'. हा शब्द कोणी ऐकलेला नाही, तो तुलना करून काढलेला आहे. त्यातला 'प' या बेटांनी राखला, तर 'ओ' आणि 'ए' हे स्वर जपानीने राखले. आईचे दागिने लेकींत वाटले जावेत, तसेच हे झाले! एखाद्या शब्दावरून असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु फुलालाही जपानीत 'हाना', तर या बेटांवर 'पाना' म्हणतात. जपानी वर्णमालाही हीच साक्ष देते. तिचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आला. तिच्यात 'न'नंतर आणि 'म'च्या आधी, म्हणजे आपला 'प' जेथे येतो नेमका तेथे, 'ह' बसलेला आहे. हा 'ह' मुळात 'प' होता, असे उएदा काझुतोशी यांनी १८९८ मध्येच मांडले होते.

आता दुसरी बाजू पाहा. १८७९ मध्ये जपानने रिउक्यूचे राज्य खालसा केले. पुढे तेथील शाळांत ज्या मुलाच्या तोंडून घरची भाषा निघे, त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. दुसरा कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत ती उतरत नसे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी वर्गात घरचा शब्द तोंडून गेला की हशा पिकायचा. माझ्या गळ्यात पाटी नव्हती, पण मी तासाला बोलणेच सोडून दिले होते. म्हणून ती मुले मला परकी वाटत नाहीत.

प्रमाणभाषा नको, असे माझे म्हणणे नाही. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. परंतु जिला अशुद्ध म्हणून हिणवले, तिनेच राजधानीच्या भाषेने हरवलेला 'प' सांभाळला होता, हे विसरून कसे चालेल? २००९ मध्ये युनेस्कोने रिउक्यूच्या सहा भाषांची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. मुलांनी त्या बोलायच्या सोडल्या, वृद्ध एकेक करून जात आहेत. 'पुनी' म्हणणारी शेवटची आजी गेल्यावर 'होने'मागचा 'प' कोणाच्या तोंडून ऐकायचा?

— द्वितीय वर्ष, कला