समोरच्या दाराची बोली

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं आलं, की लोणच्याच्या बरण्या आणि पावसाळ्यातले कपडे बाजूला ठेवून आधी त्याच्याविषयीच बोलावं असं वाटलं. पत्र चामटोलीहून आहे. बदलापूर सोडून वांगणीच्या दिशेने निघालं की वाटेत लागणारं हे गाव. पत्र लिहिणारी भगिनी चौदा वर्षं लालबागच्या चाळीत राहिली आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या कोऱ्या घरात आली आहे.

"हे पहाटेची लोकल गाठतात, मुलगा शाळेत जातो, आणि मग दिवसभर मी आणि चार भिंती," ती लिहिते. "मजल्यावर चार बिऱ्हाडं. समोर बंगाली, शेजारी सिंधी, कोपऱ्यावर जौनपूरकडचे. मराठी बोलले तर कुणाला कळत नाही आणि हिंदी बोलले तर माझं मलाच हसू येतं. मुलगा आता भांडतोसुद्धा हिंदीत. उद्या आपली भाषा आपल्याच घरात परकी होईल की काय, अशी धास्ती वाटते. मी काय करावं?"

ही धास्ती खुळी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. चाळीत दार उघडं टाकलं की गप्पा आपोआप आत येत. इथे दाराला जाळी, जाळीला कुलूप, आणि पलीकडून ऐकू येणारा एक शब्द कळेल तर शपथ! पण अशा तुम्ही एकट्या नाही हो. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती सुमारे 98 हजार होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. अंबरनाथ तेव्हाच अडीच लाखांच्या वर होतं, उल्हासनगर पाच लाखांच्या वर. हे आकडेही आता जुने झाले. इमारती बदलापूरची वेस ओलांडून चामटोलीच्या भातखाचरांपर्यंत पोचल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर 68 किलोमीटर. एवढ्या लांब हौसेने कोण येतं? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडली तशी लालबाग-परळची कितीतरी घरं कल्याणच्या पलीकडे सरकली. ज्या कारणासाठी ती आली, त्याच कारणासाठी समोरचं बंगाली बिऱ्हाडही आलं आहे. पगारात बसेल असं घर हवं होतं, दुसरं काय!

आणि या बाजूला परक्या बोलीचं माणूस येणं काही आजचं नाही. तुमच्या शेजारच्या सिंधी बाईंना त्यांच्या आजीची हकिकत विचारा. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी. मधे कापडाचे आडोसे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार मांडले होते. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अजूनही तिथले लोक पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर पाच" असंच सांगतात. मागे घरदार, शेतीवाडी सगळं सोडून आलेल्या त्या बायकांनी पापड लाटले, लोणची घातली आणि संसार पुन्हा उभे केले. शून्यातून संसार उभा करणं काय असतं ते लालबागकरणीला मी काय सांगणार!

पण एक गोष्ट त्यांना सांभाळता आली नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. सिंधीला आपलं असं राज्य भारतात नव्हतं. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा मिळाली तीसुद्धा 1967 साली. उल्हासनगरात सिंधी माध्यमाच्या शाळा होत्या, त्या हळूहळू ओस पडत गेल्या. आजी उजवीकडून डावीकडे सिंधी लिहायची, ते नातीला वाचता येत नाही, अशी घरं आज कितीतरी आहेत. आता ही भाषा कुणा शेजाऱ्याने हिसकावून घेतली का? नाही. दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मग कधीतरी जेवणाच्या ताटावर मुलांशीही हिंदीच. गेली ती तिथून गेली.

तेव्हा तुमच्या मुलाला खाली अंगणात हिंदीत भांडू दे खुशाल. भांडण ज्याच्याशी करायचं त्याला कळायला नको का? मात्र घरात तो हिंदीत बोलला तरी तुम्ही उत्तर मराठीतच द्या. रागवायचंही मराठीत आणि लाडही मराठीत. रात्री झोपताना गोष्ट सांगा, भाजी निवडताना त्याच्याकडून वर्तमानपत्रातल्या चार ओळी मोठ्याने वाचून घ्या. टीव्ही लागलेला असताना भाषा शिकवता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. तुमचं वेगळं असेल तर कळवा.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका. चामटोलीत नव्या तुम्हीही आहात. ज्या जमिनीवर आपल्या इमारती उभ्या राहिल्या, तिथे आधीपासून राहणाऱ्या आगरी बाईच्या कानाला आपली पुस्तकी मराठीसुद्धा परकीच वाटते. ती "मला" म्हणत नाही, "मना" म्हणते. पाण्याला "पानी" म्हणते. आणि आपली पोरं तिच्या तोंडावर फिदीफिदी हसतात! बंगाली शेजारणीला मराठी येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आपण, आणि दाराशी मराठीचीच एक जुनी बोली आली तर तिला अशुद्ध ठरवतो. त्या समाजात लग्न लावताना धवले गाणारी धवलारीण असते, ठाऊक आहे तुम्हाला? बाईमाणूस! गावात एखादं लग्न असलं आणि बोलावणं आलं तर मुलांना घेऊन जरूर जा. धवले कान देऊन ऐका.

कातकरी बायकांचंही तेच. त्यांची बोली आणखी निराळी. पावसाच्या तोंडावर त्या शेवळं घेऊन बसतात, तेव्हा नुसता भाव करून पिशवी भरू नका, कशी करायची तेही विचारा. शेवळाच्या आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या फळांबरोबर भाजी शिजवायची, नाहीतर घसा असा खवखवतो की विचारू नका. काकडं विकणारीच देते, मागून घ्यावी लागतात. हे ज्ञान कुठल्या छापील पुस्तकात शोधण्यापेक्षा टोपलीपाशी दोन मिनिटं बसलेलं बरं.

चामटोलीकरांविषयी आणखी एक आठवण. 2019 च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच परिसरात पाण्यात अडकली. सुमारे 1050 प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका. सरकारी पथकं होड्या घेऊन आली, आणि आसपासचे गावकरीही मदतीला धावले. कोण कुठल्या बोलीचा, हे त्या दिवशी कुणी विचारत बसलं नसेल.

बरं, आता तुमच्या मजल्यावर येऊ. नवा माणूस दिसला की लगेच तुटक्या हिंदीवर उडी मारायची आपली खोड आधी सोडा. "हमारा पाणी आज आया नही, तुमचं आया क्या?" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि ऐकणाऱ्या बाईला मराठी छान कळत होतं! आधी सावकाश, सोप्या मराठीत बोला. कळलं नाही असं दिसलं तर मग हिंदी आहेच. कित्येक जणींना मराठी शिकायची असते हो, पण आपणच त्यांना संधी देत नाही. आणि तुम्हीही त्यांची चार वाक्यं शिका. बंगालीत ख्यालीखुशाली विचारताना "केमोन आछेन?" म्हणतात. सिंधीची तर एक गंमत सांगते. आपल्या "आहे"ला सिंधीतही "आहे"च म्हणतात! मात्र श्वास आत ओढून म्हणायचे चार उच्चार त्यांच्याकडे आहेत, ते आपल्याला सहजी जमायचे नाहीत. हसू द्या त्यांना. त्यांना आपला "ळ" कुठे जमतो?

"ळ"वरून आठवलं, शेजारधर्माची एक फार सोपी वाट तुमच्या हातात आहे. 2020 साली झालेल्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे समोरच्या बंगाली घरातलं पोर मराठीचं पुस्तक घेऊन बसतं आणि त्याच्या आईला गृहपाठातलं अवाक्षर कळत नाही. शिकवणीला पैसे घालायचे, नाहीतर रडारड. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी अर्धा तास त्याला तुमच्या मुलाशेजारी बसवा. शुद्धलेखन दोघांचंही होईल. तुमच्या मुलाचा तर फायदाच. ज्याला दुसऱ्याला शिकवायचं असतं तो आधी स्वतः नीट बोलतो. मराठी आणि बंगाली या दोघींना अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तोसुद्धा एकाच दिवशी, 3 ऑक्टोबर 2024 ला. तेव्हा बरोबरीचं नातं आहे, उपकाराचं नाही! त्या बाईंना काही द्यावंसं वाटलंच, तर गणित किंवा इंग्रजी मागून घ्या, किंवा मोहरीतल्या माशाची कृती.

माशावरून आणखी थोडं. नव्या वसाहतींच्या सभांमधून "अमक्याला घर देऊ नका, तमक्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो" अशी कुजबुज सुरू होते. बायका सभेला जात नाहीत आणि पुरुष हात वर करून मोकळे होतात. तुम्ही जा. सुकटीच्या वासावरून आज बंगाल्याला बोलतील, उद्या कोकणातल्या तुमच्या सासूबाईंच्या बोंबलांवर येतील. तिथेच उठून सांगा की असला ठराव आम्हाला मान्य नाही. त्याच सभेत दुसरी मागणीही करा. सूचनाफळ्यावर पाण्याची वेळ, वीज बंदची सूचना मराठीत लिहिलीच पाहिजे, खाली हिंदी-इंग्रजी असेना का. यात भांडणाचं काही नाही. आपला हक्क हसतमुखाने मागता येतो.

सणांचं तर विचारूच नका, तिथे आपण उगीच संकोचतो. संक्रांत घ्या. जौनपूरकडे तिला खिचडी म्हणतात, बंगाल्यांकडे पिठे होतात, सिंधी घरांतून तिळाचे लाडू सासुरवाशिणींना पाठवतात. तीळ सगळीकडे तेच! तेव्हा हळदीकुंकवाला मजल्यावरच्या सगळ्या जणींना बोलवा. कुणी मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर "कुंकू नको असेल तर तिळगूळ घ्यायला तरी याच" असं आधीच प्रेमाने सांगावं, म्हणजे दारात अवघडलेपण येत नाही. विधवा शेजारणीला वगळणाऱ्यांना मी या पानावर पूर्वी काय म्हटलं आहे ते ठाऊकच आहे. राखीपौर्णिमेनंतर सातव्या दिवशी सिंधी घरात थदडी असते. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड खायचं, अगदी आपल्या शिळासप्तमीसारखं. त्या दिवशी वाटी भरून त्यांच्याकडून आली, तर ती रिकामी परत करायची नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवणं घालायचे दिवसही वाटून घ्या. एक दिवस तुमच्या कुरडया, एक दिवस त्यांचे पापड, आणि कावळे हाकलायला आळीपाळीने बसायचं. भाषा येत नसली तरी कावळा हाकलताना कळतं सगळं.

कुणी म्हणेल, हे सगळं आपणच का करायचं? तर आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नणंदा-बहिणी आज अमेरिकेत आहेत. तिथला कायदा 1965 साली बदलला, तेव्हापासून आपली माणसं मोठ्या संख्येने जाऊ लागली. न्यूजर्सीतल्या एडिसन गावात आज साड्यांची आणि किराण्याची रस्ताभर भारतीय दुकानं आहेत. तिथल्या जुन्या रहिवाशांनीही आपल्या फोडणीच्या वासाला नाकं मुरडलीच होती. तिथे मराठी मंडळींनी 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ काढलं, सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी मराठी शाळा चालवल्या, गणपती बसवले. तिथे जाऊन मराठी जपणाऱ्या बहिणीचं आपण कौतुक करतो ना? मग उल्हासनगरात चेटीचंड झाला किंवा बदलापुरात दुर्गापूजेचा मांडव पडला तर कपाळाला आठी कशाला?

चामटोलीच्या भगिनीला मी वेगळं पत्र टाकते आहेच. तुमच्यापैकी कुणाच्या शेजारी सिंधी बिऱ्हाड असेल तर थदडीला करतात त्या गोड लोल्याची कृती त्यांना विचारून, वाटीच्या मापाने, कागदाच्या एकाच बाजूला लिहून पाठवा. श्रावणातल्या अंकात छापू. शेवळांची कृतीही चालेल, पण कुणाच्या टोपलीपाशी बसून शिकलात ते लिहायला विसरू नका.